कृपया लोंबता दोरा पाहावा

घाबरण्याच्या बाबतीत जपूनराव कुणाला हार जाणारे नव्हते. दारावरची घंटा वाजली की त्यांना वाटायचं, पोलीस. फोन वाजला की वाटायचं, कोणीतरी गेलं. आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही, तर वाटायचं की घंटा आणि फोन दोन्ही बिघडलेत आणि बाहेर पोलीस कंटाळून दार फोडायच्या बेतात आहेत. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं बसलेला माणूस कसा निर्ढावलेला असायला हवा. हे मात्र दर वर्षी थोडे जास्तच पातळ होत गेले. दोन वाक्यांमागे एकदा 'जपून' म्हणायची सवय, म्हणून इमारतीने त्यांचं नावच जपूनराव ठेवलं होतं, आणि ते तोंडावर म्हणायला कोणी कचरत नसे. अशा माणसाच्या हातून शहरातल्या मोठ्या कलाभवनात एक गुन्हा घडला. हातून म्हणणं अन्यायाचं होईल. चष्म्यातून घडला म्हणू या.

सुरुवात वर्तमानपत्राने केली. रविवारच्या पुरवणीत 'या महिन्यात शहरात चुकवू नयेत अशी प्रदर्शनं' म्हणून अर्धं पान आलं होतं. काकूंनी ते कात्रीने कापून घेतलं, तेही कापडाच्या कात्रीने. काकू म्हणजे जपूनरावांची बायको आणि उरलेल्या जगाच्या काकू. खिडकीशी मशीन टाकून त्या लोकांचे कपडे आखूड करायच्या, सैल करायच्या, उसवलेलं शिवून द्यायच्या. त्यांच्या त्या कात्रीने कोणी कागद कापला तर घरात दोन दिवस अबोला चाले. आज त्यांनी स्वतःच कागद कापला म्हटल्यावर प्रकरण हाताबाहेर गेलंय, हे जपूनरावांनी ओळखलं.

"तिन्ही प्रदर्शनं एकाच इमारतीत आहेत," काकू म्हणाल्या. "खाली चित्रं, मधल्या मजल्यावर फोटो आणि वर कपडे. गेल्या शंभर वर्षांतले कपडे मांडलेत. मला बघायचेत."

"अगं, कपडे तर तू रोजच बघतेस."

"लोकांच्या फाटक्या विजारी बघते. एकदा न फाटलेलं काहीतरी बघू दे."

नाही म्हणायला लागणारं धैर्य जपूनरावांकडे कधीच नव्हतं, त्यामुळे ते हो म्हणाले आणि लगेच सल्ला घ्यायला बाहेर पडले.

वरच्या मजल्यावर एक वकील राहत. त्यांचा काळा कोट कोर्टात जाण्यापेक्षा सैल करायला काकूंकडे जास्त वेळा येत असे. ते म्हणाले, "एकच सांगतो. कशालाही हात लावू नका. हात लागला की वस्तू तुमच्या अंगाशी आली म्हणून समजा." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं, की प्रत्येक चित्रासमोर निदान दोन मिनिटं उभं राहायचं असतं; त्याआधी पुढे सरकलं की पहारेकऱ्यांना संशय येतो. समोरच्या मास्तरीणबाईंचं म्हणणं असं, की तिथे 'छान' म्हणायचं नाही, नुसतं 'हं' म्हणायचं, तेही नाकातून. जपूनरावांनी सगळं लिहून घेतलं. स्वतः आजवर एकही प्रदर्शन न पाहता ही मंडळी इतकं ठामपणे कशी बोलत होती, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सल्ला देण्यासाठी माणसाने ती गोष्ट केलेली असावी अशी आपल्याकडे अट नाही, हे बरंच आहे, नाहीतर शेजार ओस पडले असते.

कलाभवनाच्या दारात पहिली अडचण आली. पिशव्या आत न्यायच्या नव्हत्या, आणि पिशवी ठेवायची तर एक अर्ज भरायचा होता. त्यातला चौथा रकाना होता: 'अंगावर किंवा जवळ टोकदार वस्तू आहे काय?' काकूंनी पर्स ठेवली. तिच्यात त्यांचा चष्मा होता, सुयांची डबी होती, टाचण्या होत्या, लहान कात्री होती. जपूनरावांनी निःश्वास टाकला, 'नाही' असं लिहिलं आणि खाली पूर्ण सही ठोकली. काकूंच्या स्वेटरच्या कॉलरमागे एक सुई कायम टोचलेली असते, ही गोष्ट ते विसरले. खरं तर काकूही विसरल्या होत्या. स्वेटर बदलला की ती सुई आपोआप नव्या कॉलरमागे जायची. आपण हे करतो हे त्यांचं त्यांनाही कळत नसे.

खालच्या मजल्यावर जपूनराव घड्याळ लावून चित्रं पाहत होते. एका चित्रात लाल रंगावर एक काळी रेघ होती. दोन मिनिटांत त्यांनी ती रेघ वरून खाली तीन वेळा आणि खालून वर दोन वेळा पाहिली, नाकातून 'हं' म्हटलं आणि पहारेकऱ्याकडे चोरून पाहिलं. पहारेकरी जांभई देत होता. म्हणजे संशय आलेला नाही, असा त्यांनी अर्थ काढला.

मधल्या मजल्यावर मात्र ते जागीच थांबले. भिंतभर मोठा फोटो, आणि फोटोत दुसरी एक भिंत, वरपासून खालपर्यंत ओल आलेली. जपूनरावांनी आधी तक्रार क्रमांक शोधला. तो नव्हता. मग तारीख शोधली. ही तक्रार आपल्याच खिडकीवर येऊन आपल्याच कपाटात पडली असेल आणि शेवटी वैतागून त्या माणसाने ती इथे टांगली असेल, असं त्यांना वाटलं. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. ते बाकीचे फोटो न पाहता वर निघाले. दोन मिनिटांचा नियमही त्यांनी पायरीवरच सोडला.

वरच्या मजल्यावर काकू बदलल्या. म्हणजे घरात मशीनवर बसल्यावर होतात तशा झाल्या. प्रत्येक कपड्याभोवती त्या एक फेरी मारायच्या, मागून, बाजूने, खालून वाकून. "ही बाही एकदा काढून पुन्हा लावलीय." "हा घालणारी डाव्या हाताने लिहायची, कोपर बघा." "हा घाईत शिवलाय, पण माणूस हुशार होता." दोन अनोळखी बायका त्यांच्या मागे मागे फिरू लागल्या. जपूनरावांना अभिमानही वाटला आणि भीतीही. आपल्या बायकोचं बोलणं लोक ऐकतायत म्हणजे थोड्याच वेळात कोणीतरी परवाना विचारणार.

शेवटच्या लहान दालनात एकच पोशाख होता. राखाडी निळ्या रंगाचा लांब झगा, साध्या लाकडी सांगाड्यावर घातलेला, काच नाही, फक्त पुढे एक दोरी. बाजूला बारीक अक्षरांची पाटी. दालनात कोणी नव्हतं. पहारेकरी पलीकडे कोणाचा तरी फोन वाजला म्हणून त्याला दटावायला गेला होता.

"अहो, तुमचा चष्मा द्या जरा," काकू म्हणाल्या.

जपूनरावांनी दिला. जवळचं वाचायचा चष्मा गेल्यावर पाटी वाचता येईना, म्हणून ते दाराशी जाऊन आग लागल्यास बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा पाहू लागले. तो मोठ्या अक्षरांत होता आणि त्या इमारतीत मन लावून पाहावं असं त्यांना तेवढंच सापडलं होतं. वाट पाठ करून ते वळले, तेव्हा काकू दोरीच्या आत गुडघ्यांवर बसल्या होत्या.

आधी त्यांना वाटलं, पडली. ते धावले. मग त्यांना काकूंचा उजवा हात दिसला. तो हात ते तीस वर्षं रोज संध्याकाळी पाहत आले होते: आत, बाहेर, वर, आत, बाहेर, वर.

"अगं, काय करतेयस?"

"बाजूला व्हा, उजेड अडवताय. खालची दुमड वीतभर शिवायची राहिलीय बघा. दोरा तसाच लोंबतोय. एवढ्या लोकांसमोर उभी केली बिचारीला, आणि एकाचं लक्ष नाही. झालंच. दोरा पण हिचाच पुरला."

जपूनरावांना ओरडायचं होतं, पण ओरडलं तर पहारेकरी येईल. तिला उठवायचं होतं, पण धक्का लागला तर कापड फाटेल. शेवटी त्यांनी प्रदर्शनाचं माहितीपत्रक दोन्ही हातांनी उघडून बायकोच्या आणि दाराच्या मधे धरलं आणि उभे राहिले. गुन्ह्यात साथीदार म्हणतात तो असाच होतो; तो काही घरून ठरवून येत नाही. काकूंनी शेवटचा टाका पक्का केला, वाकून उरलेला दोरा दातांनी तोडला, सुई कॉलरमागे टोचली आणि समाधानाने चष्मा परत दिला.

मग जपूनरावांनी पाटी वाचली.

'अपूर्ण पोशाख. हा पोशाख शिवत असताना तो शिवणाऱ्या बाईंचे आकस्मिक निधन झाले. हात जिथे थांबला, तिथेच सुई मिळाली. त्यांच्या मुलीने तो शेवटचा टाका आणि दोरा चौतीस वर्षे जसाच्या तसा सांभाळला. कृपया लोंबता दोरा पाहावा.'

काकूंनी पाटी मोठ्याने वाचायला सांगितली. जपूनरावांनी हळू आवाजात वाचली. काकूंच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू कुठे गेलं ते कळलं नाही. त्यांनी बोटाला गुंडाळलेला इंचभर उरलेला दोरा पाहिला आणि मूठ मिटली. दोघं बाहेर कशी आली, पर्स कोणी घेतली, बस कोणती धरली, यातलं जपूनरावांना पुढे काहीही सांगता आलं नसतं. आणि सांगावं लागणार याबद्दल त्यांची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली मूळ कागदपत्रं एका पाकिटात घातली. अटक झाली तर शोधाशोध नको. मग वकिलांकडे गेले.

"समजा," जपूनराव म्हणाले, "एका माणसाच्या बायकोने एक अपुरी वस्तू पुरी केली."

"मग काय बिघडलं? नुकसान कुठे झालं?"

"समजा, ती अपुरी होती म्हणूनच ठेवलेली होती."

वकिलांनी चष्मा काढला. "मग तो विध्वंस झाला. टोकदार वस्तू वापरली होती का?"

"सुई."

"आणि आत जाताना लिहून दिलं होतं?"

"सही केली होती. पूर्ण."

"तो माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा, माझा कोट आधी शिवून द्या," वकील म्हणाले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला प्रकरण माहीत झालं. पोस्टमास्तर सांगून गेले, की अशा वेळी गावाला जावं. मास्तरीणबाई म्हणाल्या, की असं जाणं म्हणजे कबुलीच. मग दोघांचं जिन्यात भांडण झालं आणि जपूनराव दारामागे उभे राहून दोघांचंही म्हणणं पटवून घेत राहिले.

पण यापेक्षा एक गोष्ट वाईट होती. मशीन बंद होतं. पहिल्या दिवशी जपूनरावांना वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही काकूंनी मशीनवरचं झाकण काढलं नाही. पोस्टमास्तरांच्या विजारीचा एक पाय आखूड करून झाला होता आणि दुसरा तसाच होता. ते स्वतः विचारायला आले.

"काकू, दुसरा पाय?"

"दुसरीकडे द्या, भाऊ," काकू म्हणाल्या. "माझा हात नको आता कोणाच्या कपड्याला. कोणाची काय गोष्ट असते त्या कापडात, मला काय कळतंय? एका मुलीने आईचा टाका चौतीस वर्षं सांभाळला आणि मी तो सात मिनिटांत शिवून टाकला."

पोस्टमास्तर विजार घेऊन गेले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सल्ला सुचला नाही.

तिसऱ्या दिवशी जपूनराव कचेरीतून घरी आले आणि जिन्यातच थांबले. रोज या पायरीवर मशीनचा आवाज यायचा. तो आला की त्यांना कळायचं, की घर शाबूत आहे. आता नुसता नळ ठिबकत होता. पोलिसांची भीती होतीच, पण ही भीती वेगळी होती. बायको पुन्हा कधी शिवणारच नाही की काय? माणूस तुरुंगातून सुटून येतो, पण या शांत घरात रोज यायचं कसं?

तेव्हा त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट करायचं ठरवलं. आपण होऊन सांगायचं. रजा घेऊन, दाढी दोनदा करून, तीन प्रतींत अर्ज घेऊन ते कलाभवनात गेले. 'विषय: पोशाखाची दुमड चुकून शिवली गेल्याबद्दल कबुली व जबाबदारी स्वीकारण्याबाबत.' काकूंचा उल्लेख अर्जात कुठेही नव्हता. शिवली गेली, इतकंच. अठ्ठावीस वर्षांत कचेरीने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, ती म्हणजे कर्ता गाळून वाक्य कसं लिहावं.

आधी ते वर गेले. त्या लहान दालनात गर्दी होती. लोक पाटी वाचत, वाकून दुमडीकडे पाहत आणि मान हलवत. एक गृहस्थ बायकोला समजावून सांगत होते, "त्या दोऱ्यात किती वेदना आहे बघ." बायको म्हणाली, "हं." जपूनरावांनी दोनदा खात्री केली. दोरा नव्हता. तीन दिवस शेकडो माणसं तो पाहत होती.

मग ते खाली तक्रार खिडकीवर गेले.

"तक्रार आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"हो."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

कारकुनाने यादी पाहिली. पहारेकऱ्यांविरुद्ध होती, स्वच्छतेविरुद्ध होती, चहाविरुद्ध होती. "अशी सोय नाही. सूचनापेटीत टाका."

"ती कधी उघडतात?"

"किल्ली हरवलीय."

जपूनरावांना त्या कारकुनाचा राग आला नाही. हेच उत्तर याच आवाजात त्यांनी स्वतः किती जणांना दिलं होतं, याची त्यांना मनातल्या मनात मोजदाद करावी लागली. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिल्या मजल्यावर, तिथून मागच्या इमारतीत, असं अडीच तास फिरल्यावर अखेर ते वस्त्रदालनाच्या प्रमुखबाईंसमोर बसले. बाई तडफदार दिसत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, वर गेल्या, खाली आल्या आणि दार आतून लावलं.

"हे तुम्ही आणखी कोणाला दाखवलंत?"

"चार खिडक्यांवर. कोणी वाचलं नाही."

"देवाची कृपा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. जपूनरावांच्या लक्षात आलं, की त्यांनी अर्ज पालथा घालून त्यावर दोन्ही हात दाबून ठेवलेत. आपल्याला दुसरं कोणी घाबरतंय हा अनुभव नवा होता, आणि तो मुळीच आवडण्यासारखा नव्हता. "अहो, मी रोज दोनदा त्या दालनातून जाते. मला दिसलं नाही. आणि उद्या अकरा वाजता झगा शिवणाऱ्या बाईंची मुलगी येणार आहे. पोशाख इथे दिल्यापासून एकदाही आली नाही ती. उद्या पहिल्यांदा येतेय. माझी नोकरी गेली समजा."

"मग आता?"

"हा अर्ज परत घ्या. आणि ज्यांनी शिवलं त्यांनी उद्या आठला येऊन उसवायचं. टाका जिथे थांबला होता तिथपर्यंत. दोरा होता तसा लोंबवायचा. मला माणसाचं नाव सांगू नका."

काकूंनी हे मशीनच्या झाकणावर हात ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "चुकीवर आणखी एक चूक. पण दुसऱ्या कोणी उसवलं तर कापड फाटेल. चला."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दालन रिकामं होतं. प्रमुखबाई दाराशी पहारा देत होत्या, पहारेकऱ्याला त्यांनी तळमजल्यावर चित्रं मोजायला पाठवलं होतं. काकू गुडघ्यांवर बसल्या, बारीक कात्री काढली, आपला पहिला टाका शोधला. त्यांना तो मिळेना. "अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "तिचा हात आणि माझा हात सारखाच पडलाय. तिचा कुठे संपला तेच कळत नाही मला." त्यांची कात्री तशीच हातात राहिली. घड्याळ पुढे चाललं होतं. जपूनराव माहितीपत्रक धरून उभे होते; त्याची आज गरज नव्हती, पण हातांना दुसरं काम सुचत नव्हतं.

साडेआठला जिन्यावर पावलं वाजली. प्रमुखबाई मागे सरकल्या. दारात साठीच्या घरातल्या एक बाई उभ्या होत्या, काळी पर्स छातीशी धरलेल्या. "अकरापर्यंत थांबवेना," त्या म्हणाल्या, "म्हणून आधीच आले."

त्या पुढे आल्या, पाटीकडे न पाहता खाली वाकल्या आणि दुमडीवरून बोट फिरवत गेल्या. पूर्ण फेरी झाली. बोट पुन्हा सुरुवातीला आलं.

"कोणी केलं हे?"

"मी," जपूनराव म्हणाले. आपण बोललो हे त्यांना इतरांबरोबरच कळलं.

बाईंनी काकूंच्या कॉलरमागे हात घालून तिथली सुई काढली. नजर अशी, की सुई तिथेच असणार हे शिवणाऱ्या आईच्या लेकीला ठाऊकच असावं. ती त्यांनी जपूनरावांपुढे धरली. "घाला बघू एक टाका."

जपूनरावांनी सुई घेतली आणि ती थेट अंगठ्यात घुसवली.

"सरका तुम्ही," काकू म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "मी केलं. हे उगाच मधे पडतायत."

"तुम्हाला काय हक्क होता?" बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "माझ्या आईचा शेवटचा टाका होता तो. तिच्या बोटात सुई होती तशीच. मी कोणाला हात लावू दिला नाही. मोलकरणीला झाडू देत नव्हते तिथलं."

"काहीच हक्क नव्हता," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पाटी वाचली नाही. मला वाटलं, विसरले. अर्धवट काम लोंबताना मला बघवत नाही. उसवून देते म्हणून आले होते, पण आता तेही जमत नाहीये. तुम्ही म्हणाल ती शिक्षा घेते."

बाई झग्याकडे पाहत राहिल्या. जपूनराव दबक्या पावलांनी बायकोच्या पुढे सरकले. शिक्षा देण्याआधी निदान मधे एक माणूस असावा.

"मलाही बघवत नव्हतं," बाई शेवटी म्हणाल्या. "रोज कपाट उघडलं की तो दोरा. शिवायला कोणाला द्यायची छाती नव्हती, उसवायची नव्हती, फेकायची नव्हती. म्हणून इथे आणून दिला. मला वाटलं, लोक बघतील, मला बघायला नको."

काकूंनी पदरी असलेलं सगळं धैर्य गोळा केलं, पण बोलल्या मात्र कामाचं. "हा तुमच्यासाठीच होता ना? डावा खांदा अर्धं बोट खाली उतरवलाय. तुमचाही तसाच आहे."

"माझ्यासाठी होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायचा होता."

"मग कधी घातलाच नाहीत?"

"दुमड राहिली होती ना."

काकू झग्यामागे गेल्या, बाजूची शिवण आतून चाचपली आणि तिथेच थांबल्या. "या इकडे. हात लावा. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कापड आत राखून ठेवलंय. एवढं कोणी ठेवत नाही, शिवण जाड होते. पुढे तुम्ही भराल, हे तुमच्या आईला माहीत होतं. सोडलं की आजही बसेल तुम्हाला."

बाईंनी शिवणीत बोटं घातली. मग त्या तिथेच, दोरीच्या आत, जमिनीवर बसल्या आणि रडल्या. प्रमुखबाईंनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, की उसवायचं का. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. "प्रदर्शन संपू दे," त्या म्हणाल्या. "मग मी घेऊन जाणार. पाटीचं काय करायचं ते तुम्ही बघा." प्रमुखबाईंनी पाटीचं काही केलं नाही. पुढचे अठरा दिवस लोक लोंबता दोरा पाहून हळहळत राहिले.

त्याच दुपारी पोस्टमास्तरांच्या विजारीचा दुसरा पाय आखूड झाला. जपूनराव जिन्यात थांबून तो आवाज शेवटपर्यंत ऐकत होते.

एकोणिसाव्या दिवशी बाई झगा घेऊन घरी आल्या. काकूंनी दोन्ही बाजू सोडल्या, पुन्हा धरल्या, आणि त्यांना पडद्यामागे पाठवलं. जपूनरावांना टाचण्यांची डबी धरायला उभं केलं होतं. चौतीस वर्षांचं कापड आहे, श्वास घेतला तर फाटेल, हात वर केला तर फाटेल, या धास्तीने त्यांच्या हातातली डबी वाजत होती.

बाई पडदा सारून आरशासमोर आल्या. झगा अंगावर नीट बसला होता. दुमड पायांभोवती सगळीकडून एकसारखी पडली होती.

"हात खाली सोडा," काकू कोणालाही म्हणतात तसं म्हणाल्या. "सरळ उभ्या राहा. आता वळा बघू."

बाई वळल्या नाहीत. आरशात बघत म्हणाल्या, "एवढंच म्हणायचं राहिलं होतं आईचं."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या, दोन पावलं मागे गेल्या आणि थांबल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "वळ बघू."

आणि बाई वळल्या.